वाचक विचारतात : पेशी वाढल्या, पण कोणाच्या?

मागच्या अंकात प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या पेशींवर एक लेख होता. त्यानंतर नाशिक आणि आसपासहून लिम्फोमाच्या, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या सेल लाइनविषयी (म्हणजे प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या पेशींविषयी) बरीच पत्रं आली. त्यांतले सात प्रश्न इथे घेतले आहेत. काही पत्रं लांब होती, ती आवरती घेतली आहेत.

प्रश्न : नाशिकरोडला आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. ओळखीचे सर्जन एका लिम्फोमाच्या रुग्णाची मानेतली गाठ काढणार आहेत. तिचा काही भाग सेल लाइनसाठी खारघरच्या संशोधन संस्थेला द्यायचं ठरतंय. गाठ कशात ठेवावी, किती थंड, किती वेळात पोचवावी?

आदल्या दिवशी ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरांना स्वतः फोन करा. अशा नमुन्यांचा घात बहुधा तिथेच होतो. हाताला सवय असते, गाठ बाहेर आली की फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडते, पेशी मरतात आणि मग सगळंच संपलं. कोरड्या गॉजमध्ये गुंडाळलेली गाठही तासाभरात कडांनी वाळायला लागते.

गाठ ताजी तुमच्याकडे यावी. पहिला हक्क निदानाचा. आडवा छेद घेऊन स्लाइडवर ठसे घ्या, फॉर्मॅलिनसाठीचा आणि फ्लो सायटोमेट्रीसाठीचा (पेशींवरच्या खुणा लेसरने मोजणाऱ्या चाचणीसाठीचा) भाग बाजूला काढा आणि उरलेल्यातून संशोधनाला द्या. अर्ध्या ते एक घन सेंटिमीटरचा तुकडा पुरतो, त्यातून काही कोटी पेशी निघतात. ५० मिलीच्या निर्जंतुक ट्यूबमध्ये २५-३० मिली आरपीएमआय-१६४० माध्यम (पेशींचं पोषक द्रव), त्यात मिलीमागे १०० युनिट पेनिसिलिन आणि १०० मायक्रोग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन. ट्यूब ४ अंशांच्या आसपास ठेवा, पण बर्फाला थेट टेकवू नका. मधे थर्माकोल किंवा जाड कागद घाला. ड्राय आइस तर नकोच, पेशी गोठून फुटतात. सकाळी निघालं तर कसारा घाट आणि भिवंडीची कोंडी धरूनही त्याच दिवशी पोचता येतं, आणि तेच चांगलं. २४ तासांच्या पुढे जाऊ नये.

छातीत किंवा पोटात पाणी झालं असेल तर तेही मागून घ्या. त्या पाण्यातल्या पेशी आधीच सुट्या तरंगत असतात, त्यामुळे फ्लास्कमध्ये त्या गाठीतल्या पेशींपेक्षा लवकर रुळतात. त्यात मिलीमागे १० युनिट हेपारिन घाला, नाहीतर गुठळी होऊन पेशी त्यात अडकतात.

आता ज्याची आठवण सहसा कोणाला राहत नाही ते. त्याच रुग्णाचं ५ मिली रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबमध्ये घ्या आणि गाठीचा हरभऱ्याएवढा तुकडा, माध्यमाशिवाय, उणे ८० अंशांत टाका. सहा महिन्यांनी एखादी सेल लाइन उभी राहिली तर ती याच रुग्णाची आणि याच गाठीची आहे हे सिद्ध करायला दुसरं काही हाताशी नसतं. रुग्णाची संमती आणि एथिक्स कमिटीची मंजुरी गाठ काढण्याआधी हवी. ट्यूबवर नाव नको, सांकेतिक क्रमांक लिहा.

प्रश्न : मी पीएच.डी. करते, घर गंगापूर रोडला. मोठ्या बी-पेशींच्या लिम्फोमाच्या गाठीतून काढलेल्या पेशी २० टक्के सीरमच्या माध्यमात लावल्या होत्या. महिनाभर काहीच घडलं नाही. पाचव्या आठवड्यात मात्र प्लेटच्या एका वेलमध्ये (खळग्यात) पेशींचे घोस दिसले, आता दर दोन दिवसांनी माध्यम पिवळं पडतं. ही माझी सेल लाइन झाली असं म्हणू का?

अजून नको. तुमचं वर्णन ज्या पेशींशी सगळ्यात जास्त जुळतं त्या लिम्फोमाच्या नाहीत.

प्रौढांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांच्या अंगात एप्स्टाइन-बार विषाणू आयुष्यभर मुक्कामाला असतो, काही थोड्या निरोगी बी-पेशींत, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींत, दडून. शरीरात टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या पेशी, त्याला आवरून धरतात. फ्लास्कमध्ये आठवड्यागणिक टी-पेशी मरत जातात आणि विषाणू असलेल्या त्या निरोगी बी-पेशींना मोकळं रान मिळतं. तीन ते सहा आठवड्यांत त्या घोस करून भराभर वाढतात. यांना लिम्फोब्लास्टॉइड सेल लाइन म्हणतात. त्या रुग्णाच्याच असतात, बी-पेशीच असतात, सीडी१९ आणि सीडी२० या बी-पेशींच्या पृष्ठभागावरच्या दोन्ही खुणा दाखवतात. कर्करोगाच्या मात्र नसतात. रुग्णाच्या रक्ताशी डीएनए जुळला म्हणून निश्चिंत होऊ नका. तो जुळणारच.

या विषाणूचा शोधच लिम्फोमाच्या पेशी वाढवण्याच्या खटपटीतून लागला. एप्स्टाइन, अकाँग आणि बार यांनी १९६४ मध्ये बर्किट लिम्फोमाच्या वाढवलेल्या पेशींत तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याच्या आदल्या वर्षी नायजेरियात पल्व्हरटाफ्ट यांनी बर्किट लिम्फोमाच्याच एका मुलाच्या गाठीतून ‘राजी’ ही लाइन उभी केली होती आणि ती आजही जगभर वापरात आहे. राजीच्या पेशींत विषाणूही आहे आणि कर्करोगही. म्हणून ‘विषाणू सापडला, फेकून द्या’ असा सोपा नियम करता येत नाही.

चाचण्या स्वस्तापासून महागाकडे करत जा. पहिली फ्लो सायटोमेट्रीवर प्रतिपिंडाच्या कॅपा आणि लॅम्डा साखळ्यांची. निरोगी बी-पेशींत दोन्ही प्रकार मिसळलेले असतात, लिम्फोमात एकच. तुमच्या घोसात दोन्ही दिसले तर उत्तर तिथेच मिळालं. एकच दिसला तर मात्र लगेच हुरळून जाऊ नका. लिम्फोब्लास्टॉइड लाइन काही महिने वाढत राहिली की त्यातलीही एखादीच संतती वरचढ होते आणि तीसुद्धा एकसाखळी दिसते. त्याच नळीत सीडी१०, सीडी२३ आणि सीडी३० पाहून घ्या. मूळ गाठ सीडी१० दाखवणारी होती आणि घोस सीडी१० न दाखवता सीडी२३, सीडी३० जोरात दाखवत असतील तर संशय पक्का करा.

दुसरी, सायटोस्पिन स्लाइडवर (पेशी फिरवून पसरलेल्या काचेवर) ईबर प्रोब, म्हणजे एप्स्टाइन-बार विषाणूचा आरएनए शोधणारी चाचणी. मूळ गाठीच्या पॅराफिन ब्लॉकवरही (मेणात जपलेल्या तुकड्यावरही) तीच चाचणी हवी. गाठीत ईबर नव्हता आणि लाइनमध्ये जवळपास प्रत्येक पेशीत आहे, तर प्रश्न मिटला. गाठीतही होता तर पुढे चला.

तिसरी चाचणी निर्णायक. इम्युनोग्लोब्युलिनच्या जड साखळीच्या जनुकाची जुळणी प्रत्येक बी-पेशीत वेगळी होते आणि एका कर्करोगाच्या सगळ्या पेशींत तीच असते. मूळ गाठीचा डीएनए आणि लाइनचा डीएनए शेजारी शेजारी ठेवून बायोमेड-२ या प्रमाणित संचाच्या प्राइमरांनी पीसीआर करा, म्हणजे त्या तुकड्याच्या प्रती वाढवून पाहा. शिखर एकाच लांबीचं आलं तरी तिथे थांबू नका, सीडीआर-३ चा (या जुळणीतल्या सगळ्यात बदलत्या भागाचा) तुकडा सीक्वेन्स करा. योगायोगाने लांबी जुळू शकते, क्रम जुळत नाही. मोठ्या बी-पेशींच्या आणि फॉलिक्युलर लिम्फोमात या जनुकात इतके बदल झालेले असतात की प्राइमर चिकटतच नाहीत आणि शिखर येत नाही. तेव्हा कॅपाच्या जनुकावर तीच चाचणी करावी.

चौथी, गुणसूत्रं. जोमात वाढणाऱ्या पेशींना मिलीमागे ०.१ मायक्रोग्रॅम कोल्सेमिड (विभाजन मधेच थांबवणारं रसायन) तास-दीड तास द्या, मग ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ३७ अंशांवर १५-२० मिनिटं, आणि तीन भाग मिथेनॉल, एक भाग ग्लेशियल अॅसिटिक आम्लात स्थिर करा. हे मिश्रण रोज ताजं करावं. पहिले काही थेंब ट्यूब हलवत हलवत सोडा, एकदम ओतलं तर पेशींचा गोळा होतो आणि गुणसूत्रं पसरतच नाहीत. बर्किटमध्ये ८ आणि १४ ची अदलाबदल, फॉलिक्युलरमध्ये १४ आणि १८ ची, मँटल सेलमध्ये ११ आणि १४ ची, एएलके असलेल्या अॅनाप्लास्टिकमध्ये २ आणि ५ ची. लिम्फोब्लास्टॉइड लाइनची गुणसूत्रं, निदान सुरुवातीचे काही महिने, ४६ आणि निर्मळ असतात. लिम्फोमाच्या पेशीत असं निर्मळ चित्र फार क्वचित.

मग येतो एसटीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्यांवरून माणूस ओळखणारी चाचणी. त्याचा उपयोग वेगळा आहे. शेजारच्या फ्लास्कमधली कुठली जुनी लाइन तुमच्यात शिरली नाही ना, हे तो सांगतो. ही भीती पोकळ नाही. ल्युकेमिया-लिम्फोमाच्या शेकडो लाइन तपासल्या गेल्या तेव्हा सुमारे १५ टक्के दुसऱ्याच निघाल्या. रुग्णाच्या ईडीटीए रक्ताशी आणि जागतिक डेटाबेसशी, दोन्हींशी ताडून पाहा. ८० टक्के किंवा त्याहून जास्त जुळणी म्हणजे एकाच माणसाच्या पेशी असं मानतात.

घोस लिम्फोब्लास्टॉइड निघाले तर मन खट्टू होईल, पण दोन-चार व्हायल गोठवून ठेवा. त्याच रुग्णाच्या निरोगी पेशी म्हणून पुढे तुलनेला फार कामी येतात. मूळ पेशी गोठवलेल्या असतील तर पुन्हा लावताना मिलीमागे २० लाख पेशी ठेवा, २४ वेलच्या प्लेटमध्ये वेलमागे एक मिली. सगळ्या वेल एकाच माध्यमात नकोत. काही वेलमध्ये ५६३७ या मूत्राशयाच्या कर्करोगाच्या लाइनचं वापरलेलं माध्यम १० टक्के घाला, त्यात पेशींना हवे असलेले बरेच वाढघटक असतात. दर आठवड्याला निम्मंच माध्यम बदला. सगळं बदललं तर पेशींनी स्वतः सोडलेले वाढघटक वाहून जातात. आणि सायक्लोस्पोरिन घालू नका. ते टी-पेशींना दाबतं, म्हणजे विषाणूच्या बी-पेशींना तुम्हीच दार उघडून देता. लिम्फोब्लास्टॉइड लाइन मुद्दाम करायची असते तेव्हा ते घालतात.

सहा महिने अखंड वाढ, गोठवून पुन्हा उठवल्यावरही तीच वाढ आणि मूळ गाठीशी जनुकाची जुळणी, एवढं हातात आलं की लाइन म्हणा. त्याआधी प्रबंधात ‘कल्चर’ लिहा. आणि तिथपर्यंत न पोचण्याचीच शक्यता जास्त, हे गाइडना आजच सांगून ठेवा. ताज्या लिम्फोमातून लाइन उभी राहणं हा अपवाद आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांना लिम्फोमा आहे, उपचार नाशिकलाच चालू आहेत. डॉक्टरांनी विचारलं, गाठीचा उरलेला भाग संशोधनाला द्याल का. त्याचा वडिलांना फायदा होईल का? नाही म्हटलं तर उपचारांवर परिणाम होईल का? – पंचवटीतील वाचक

दोन्हींचं उत्तर नाही. सेल लाइन उभी राहायला महिने लागतात आणि बहुतेक वेळा ती राहतच नाही. वडिलांचे उपचार तिच्यासाठी थांबत नाहीत आणि तिच्यावरून ठरतही नाहीत. नकार दिला म्हणून उपचारांत फरक करता येत नाही, हे आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे.

सही वडिलांनी स्वतः करावी, ते शुद्धीवर आणि समजण्याच्या स्थितीत असतील तर तुम्ही नव्हे. फॉर्ममध्ये चार गोष्टी शोधा. संशोधनासाठी जास्तीचा छेद घेणार आहेत का (घेऊ नये, निदानातून उरलेलंच द्यावं). पेशी दुसऱ्या संस्थेला किंवा कंपनीला जाऊ शकतात का. त्यातून पैसा झाला तर काय. आणि नंतर विचार बदलला तर काय करतील. या शेवटच्या मुद्द्यावर संस्थेने खरं लिहिलेलं असावं : साठवलेला नमुना नष्ट करता येतो, पण एकदा लाइन होऊन दहा ठिकाणी वाटली गेली की ती परत गोळा होत नाही. पॅराफिनचे ब्लॉक मात्र तुमच्या रुग्णालयातच राहतील याची खात्री करून घ्या. उद्या दुसरं मत घ्यायची वेळ आली तर तेच लागतात.

प्रश्न : आमच्या कॉलेजात बायोटेक्नॉलॉजीच्या प्रात्यक्षिकासाठी पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून) राजी मागवतोय. आधी आणलेल्या दुसऱ्या एका तरंगत्या लाइनच्या पेशी आठवड्यात मेल्या. माध्यम तेच होतं. चूक कुठे होते?

बहुधा पातळ करण्यात. तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशींची सवय असलेली माणसं तरंगत्या पेशीही तशाच वाटून टाकतात, एकाचे दहा फ्लास्क. लिम्फोमाच्या पेशींना एकटेपण मानवत नाही. मिलीमागे २ लाखांच्या खाली गेल्या की रेंगाळतात, आणखी पातळ केल्या तर मरतात. वरची मर्यादा १०-१५ लाख. त्यापुढे अन्न संपतं, आम्ल साचतं आणि एका रात्रीत निम्म्या पेशी जातात.

कुरियरने आलेला फ्लास्क तोंडापर्यंत माध्यमाने भरलेला असेल. तो न उघडता इनक्युबेटरमध्ये रात्रभर उभा ठेवा. सकाळी सगळं माध्यम ट्यूबमध्ये घेऊन २०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट जोरावर) पाच मिनिटं फिरवा. ते माध्यम टाकू नका, पुढच्या दोन वेळा निम्मं तेच वापरा. पेशी मिलीमागे ४-५ लाखांवर बसवा, फ्लास्क उभाच ठेवा आणि तीन दिवस हात लावू नका.

सेंट्रिफ्यूजवर आरपीएम दिसतो, पद्धतीत जी लिहिलेला असतो. तुमच्या रोटरची त्रिज्या मोजा. १६ सेंटिमीटर असेल तर ४०० जी साठी १५०० आरपीएम, २०० जी साठी साधारण १०५० लागतात. मोठ्या रोटरवर १५०० लावलं की पेशी जास्त चेपल्या जातात. निम्मा घोटाळा इथेही असू शकतो.

मोजणी ट्रायपॅन ब्लूने (मेलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या रंगाने) रोज एकाच वेळी करा आणि दुप्पट होण्याचा काळ काढा, विद्यार्थ्यांना हेच खरं प्रात्यक्षिक. सोमवारी सकाळी मिलीमागे २ लाख होत्या आणि शुक्रवारी सकाळी १६ लाख, तर ९६ तासांत तीनदा दुप्पट, म्हणजे ३२ तास. हा आकडा अचानक ४५-५० झाला की पुढचा प्रश्न वाचा.

वीज गेली तर इनक्युबेटर उघडू नका. दोन-तीन तासांच्या थंडीने तरंगत्या पेशींचं फार बिघडत नाही. त्यांना मारते ती उष्णता. एप्रिल-मेमध्ये एसी बंद पडलेल्या खोलीत पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा फ्लास्क बाहेर विसरू नका. माध्यम गुलाबीचं जांभळट झालं तर आधी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर पाहा, तो संपलेला असतो.

प्रश्न : बुरशी आली की डोळ्यांना दिसते. मायकोप्लाझ्मा कसा ओळखायचा? अँटिबायोटिक तर आम्ही कायम घालतो.

कायम घालता म्हणूनच दिसत नाही. पेनिसिलिन जिवाणूच्या भिंतीवर काम करतं आणि मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूला भिंतच नसते. मिलीमागे कोट्यवधी झाले तरी माध्यम गढूळ होत नाही, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून ते पार होतात. पेशी मरत नाहीत, फक्त मंदावतात, आणि तुमच्या औषधाच्या चाचण्यांचे आकडे खोटे येतात. एमटीटीची (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी) चाचणी विशेष फसवते, कारण रंग मायकोप्लाझ्माही बदलतो.

दोन आठवडे अँटिबायोटिकशिवाय वाढवून, तीन दिवस न बदललेल्या माध्यमावर पीसीआर करा. आतला कंट्रोल चालला नाही तर ‘निगेटिव्ह’ हा शब्द वापरू नका, पेशींच्या कचऱ्याने पीसीआरच अडला असेल. जोडीला डीएपीआय हा डीएनएला चिकटणारा रंग लावून पाहा, केंद्रकाबाहेर बारीक ठिपके दिसतात. महिन्यातून एकदा, आणि बाहेरून आलेली प्रत्येक लाइन वेगळ्या ठिकाणी ठेवून आधी. येतो कुठून? मुख्यतः दुसऱ्या बाधित फ्लास्कमधून आणि हूडसमोर गप्पा मारणाऱ्यांच्या तोंडातून. सापडला तर फ्लास्क टाकून जुनी व्हायल उठवा. ती एकमेव प्रत असेल तरच औषधोपचार.

पावसाळ्यातली बुरशी हे वेगळं दुखणं. कल्चरच्या खोलीत पुठ्ठ्याचे खोके ठेवू नका आणि इनक्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये निर्जंतुक डिस्टिल्ड पाणीच घाला, दर आठवड्याला बदलून.

प्रश्न : या पेशी अंगावर सांडल्या तर कॅन्सर लागतो का? – सिडकोतील विद्यार्थी

नाही. परक्याच्या पेशींना शरीर ओळखून मारून टाकतं. धोका त्यांतल्या विषाणूंचा, म्हणून बीएसएल-२ (जैवसुरक्षेचा दुसरा स्तर), क्लास दोनचा हूड, हातमोजे आणि सुईचा वापर टाळणं. एक नियम मात्र पाळाच : स्वतःच्या रक्ताच्या पेशींवर स्वतः विषाणू घालून लाइन करू नये. त्या सुईवाटे परत अंगात गेल्या तर परक्या म्हणून ओळखल्या जाणार नाहीत.

प्रश्न : लाइन गोठवून ठेवायची तर नाशिकमध्ये द्रव नायट्रोजनची सोय कितपत होते? उणे ८० चा फ्रीझर पुरणार नाही का?

उणे ८० वर पेशी काही महिनेच तग धरतात, मग दर महिन्याला कमी उठतात. नायट्रोजनची मात्र नाशिकमध्ये अडचण नसावी. भांडी बनवणारा इंडियन ऑइलचा क्रायोजेनिक्सचा कारखाना अंबडच्या एमआयडीसीतच आहे. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी वापरतात तसलं छोटं भांडं सुरुवातीला चालतं. पातळी दर आठवड्याला लाकडी पट्टीने मोजा आणि मोजणाऱ्याचं नाव वहीत लिहा. सुट्टीत कोण मोजणार हे ठरलेलं नसलं की दिवाळीनंतर भांडं कोरडं सापडतं.

गोठवताना पेशी वाढीच्या जोमात हव्यात, ९० टक्क्यांहून जास्त जिवंत. व्हायलमागे ५० लाख ते एक कोटी, ९० टक्के सीरम आणि १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारा द्रव). डीएमएसओ घातल्यावर दहा मिनिटांच्या आत थंडीत न्या. मिनिटाला एक अंश या वेगाने उणे ८० पर्यंत, दुसऱ्या दिवशी नायट्रोजनमध्ये. व्हायल द्रवात बुडवण्यापेक्षा वरच्या वाफेत ठेवा. झाकणातून आत शिरलेला द्रव बाहेर काढताना उकळतो आणि व्हायल फुटते, म्हणून काढताना तोंडावर शील्ड. उठवताना उलट घाई : ३७ अंशांच्या पाण्यात मिनिट-दीड मिनिट, बर्फाचा कण उरला असतानाच बाहेर, आणि १० मिली माध्यमात थेंबथेंब.

पहिल्या २० व्हायल सर्वांत कमी पॅसेजच्या (कमीत कमी वेळा वाटून वाढवलेल्या) ठेवा आणि त्यांना रोजच्या कामासाठी हात लावू नका. त्यातली एक आठवड्याभरात उठवून पाहा, मायकोप्लाझ्मा आणि एसटीआर तिच्यावर करा, मगच बाकीच्यांवर लेबल चिकटवा. लेबल नायट्रोजनमध्ये टिकणारं हवं, साधी शाई डीएमएसओने पुसली जाते. निम्म्या व्हायल दुसऱ्या इमारतीतल्या भांड्यात ठेवा.